हलका सेट

आमच्या गौलीगुड्याच्या घरात रेडिओ चालू असला आणि माणसाचा आवाज येईनासा झाला, की दिगंबरकाका दार वाजवायचे. ते समोरच्याच बिऱ्हाडात राहत. "घरात कोण हाय का?" एवढंच विचारायचे. आई आतून "हौ, आहे" म्हणाली की वळून परत. चहाला म्हणून कधी थांबले नाहीत. आई वैतागायची. दुपारी कामं उरकून घटकाभर आडवं व्हावं, रेडिओवर काहीतरी मंद लागलेलं असावं, तर हा माणूस दारात हजर. एकदा तिनं मुद्दाम ओ दिली नाही, बघू काय करतात ते. काकांनी कडी वाजवली, मग दार ठोठावलं, मग खिडकीचे गज धरून आत डोकावले. आई डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघत पडली होती. ती जागी आहे हे दिसल्यावर काका आमच्या पायरीवर मटकन बसले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. आईनं पाणी नेऊन दिलं. त्यानंतर तिनं ती थट्टा पुन्हा केली नाही आणि काका आले की हातातलं काम टाकून ओ द्यायला लागली.

मला ते लहानपणी अर्धवट वाटायचे, हे कबूल करते. उंच, खांद्यात वाकलेले, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. बोटांच्या टोकांना कथलाचा डाग देताना भाजल्याच्या जुन्या खुणा. एका छापखान्यात वायरमन होते आणि पुतण्याच्या संसारात राहत होते. लग्न केलं नाही. त्यामागे एखादी प्रेमकथा असेल म्हणून मी कॉलेजात असताना बरीच चौकशी केली होती. काही सापडली नाही.

त्यांची दुसरी खोड वजनाची. कोणतीही वस्तू हातात आली की आधी ती तळहातावर तोलणार. कुलूप, मिठाईचा डबा, इस्त्री, मी पहिल्या पगारात आणलेला मिक्सर. "जड हाय. चांगला हाय," असा शेरा मिळाला की वस्तू पास. नाहीतर "वजन कमी हाय" म्हणून गुपचूप खाली ठेवायचे. "हलकी" म्हणत नसत. मराठीत हलका म्हणजे वजनाला कमी आणि हलका म्हणजे प्रतीलाही कमी. एका शब्दात दोन्ही भागवणाऱ्या आपल्या पूर्वजांना बाजाराचा चांगलाच अनुभव असणार. पण काकांच्या तोंडी तो शब्द कुठल्याच अर्थानं येत नसे. एकदा आजारपणात डॉक्टरांनी त्यांना हलका आहार घ्यायला सांगितला, तर आईला येऊन म्हणाले, "साधं जेवण घ्या म्हणतो तो."

जुनी माणसं त्यांना अजून "दिगंबर रेडिओवाला" म्हणायची. त्यांच्या घरात मात्र रेडिओ नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "तुमचा ऐकू येतो की." तो त्यांना कसा ऐकू येत होता, हे मला कळायला पुढे तीसेक वर्षं गेली.

मी नोकरीमुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहायला आले, तेव्हा हौसेनं एक जुना रेडिओ विकत घेतला. हल्ली फॅशन आहे ना, दिवाणखान्यात पितळी बंब, जुना टेलिफोन आणि रेडिओ मांडायची. आईकडून ही बातमी काकांना कळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे. वय सत्तरीच्या पुढे, ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि हे दोन बस बदलून आलेले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "आधी रेडिओ दाखव. लावलास का?" नाही लावला म्हटल्यावर खाली बसले. मग दोन्ही हातांनी तो उचलला, तोलला, आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडून आत बराच वेळ बघत राहिले.

"ह्याच्यात हाय," म्हणाले. "आणि हा माझा नाही."

त्या दुपारी, माझ्या पंख्याखाली बसून, त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या आईलाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या तरुणपणी कंपनीचा रेडिओ म्हणजे मोठ्या घरचं काम. सागवानी पेटी, काचेच्या पट्टीवर लांबलांबच्या शहरांची नावं, आणि आवाज असा भरदार की बातम्या देणारा माणूस पेटीतच बसलाय असं वाटावं. शाळामास्तरानं वर्षभर पोट मारलं तरी तसा सेट घेणं जमत नसे. ज्यांच्याकडे होता त्यांच्या खिडकीखाली संध्याकाळी गल्ली जमायची. काका तेव्हा अफझलगंजात एका दुरुस्तीच्या दुकानात शिकत होते. त्यांनी ठरवलं, खिडकीखाली उभं राहणाऱ्या लोकांच्या घरात रेडिओ न्यायचा. प्लायवूडची पेटी, पुढच्या जाळीला कापडदुकानातले उरलेसुरले तुकडे, जुने पण चालणारे व्हॉल्व्ह. एवढं करूनही किंमत उतरेना, कारण आतला ट्रान्सफॉर्मर. तांब्याची तार आणि लोखंड, सगळ्यात महाग आणि सगळ्यात जड भाग तोच. तो वगळूनही रेडिओ चालवता येतो, थेट घरच्या विजेवर. तेव्हा सगळीकडेच स्वस्तातले सेट तसे निघत. काकांनीही ट्रान्सफॉर्मर वगळला.

सेट निम्म्याहून स्वस्त झाला. थोडी खरखर होती, ढग आले की जास्त व्हायची, पण बातम्या कळत, गाणं ओळखू येई. आणि वजन एवढं कमी की बाईमाणसानं एका हातानं उचलून खालची धूळ पुसावी. काका दारोदार तेच सांगायचे, हलका सेट आहे, एका हातानं उचला. लोक येऊन मागायला लागले, "दिगंबर, एक हलका सेट दे." असे अडतीस सेट त्यांनी बनवले. अडतीस घरं त्यांना गल्लीवार पाठ होती. स्तोत्र म्हणावं तशी त्यांनी ती मला म्हणून दाखवली, डोळे मिटून.

ट्रान्सफॉर्मर नसला की काय होतं, तेही त्यांनी मला समजावलं. वीज थेट आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात येते. बाहेर लाकूड आणि प्लास्टिकची बटणं असतात म्हणून माणसाचा हात तिथवर पोचत नाही. त्यातही पिन सुलटी बसली तर सांगाडा गप्प, उलटी बसली तर जिवंत. आणि दोन गोल दांड्यांची पिन, उलटी कोणती आणि सुलटी कोणती हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला म्हाईत होतं," काका म्हणाले. "मला वाटलं, रेडिओची बटणं कोण कशाला काढेल."

बटणं कुमुदनं काढली. कुमुद म्हणजे काकांच्या जिवलग मित्राची, मनोहर देगलूरकरची, धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची. खंडेनवमीचा दिवस होता. आपल्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक यंत्र आणि हत्यार धुऊनपुसून पूजतात, विळी, शिवणयंत्र, सायकल, काही सुटत नाही. रेडिओ घरात नवा, सगळ्यांचा लाडका. त्याची बटणं मळली होती म्हणून तिनं ती ओढून काढली, साबणानं धुतली आणि फडक्यावर वाळत घातली. सकाळी भजनं लागली होती ती तिनं बंद केली नाहीत, वाजता देव बरा. नुकतीच न्हायलेली, पाय अनवाणी, शहाबादी फरशी पुसून ओली. ओल्या बोटावर हळदकुंकू घेऊन तिनं बटणांच्या जागी उघड्या राहिलेल्या, आतल्या सांगाड्याला जोडलेल्या लोखंडी दांड्यांना लावलं.

"रेडिओ चालूच राहिला," काका म्हणाले. "घरच्यांना वाटलं, पोरगी ऐकत बसली हाय. तासभर कुणी आत गेलं नाही."

आमच्या दाराची कडी का वाजायची ते मला तेव्हा कळलं, आणि आपण त्या माणसाला हसलो याची अशी लाज वाटली की उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी आवरत राहिले.

त्यांना कुणी दोष दिला नाही. वीज गल्लीत नवी होती, शॉक लागला, नशीब म्हणून लोक मोकळे झाले. देगलूरकरांच्या घरातून एक शब्द आला नाही. दिवस झाल्यावर ते कुटुंब गौलीगुडा सोडून गेलं, मनोहरची बदली कुठेशी झाली होती, आणि तो सेट त्यांनी नेला, विकला की टाकला, हे विचारायचं काकांना धाडस झालं नाही. त्यांनी सेट बनवणं त्याच आठवड्यात थांबवलं. छापखान्यात वायरमन म्हणून लागले आणि पुढची अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी एकेका घरी जाऊन, विकलेल्या प्रत्येक सेटमध्ये पदरमोड करून ट्रान्सफॉर्मर बसवत राहिले.

लोकांनी त्यांना सुखानं तेही करू दिलं नाही. एका घरी, हा आतले चांगले भाग काढून न्यायला आलाय असं समजून, त्यांच्या समोर घरातल्या म्हाताऱ्याला राखणीला बसवलं. अफझलगंजातल्या एका धान्यवाल्याच्या बायकोनं तर काम झाल्यावर रेडिओ उचलून पाहिला आणि भांडायलाच उठली. चांगला हलका होता, जड करून ठेवलास, आता मी धूळ कशी पुसू. काकांनी तिची माफी मागितली. हे सांगताना ते हसले. त्या सबंध दुपारी तेवढं एकदाच.

सदतीस सेट झाले. अडतिसावा राहिला. निवृत्त झाल्यापासून ते दर गुरुवारी जुमेरात बाजारात जात आणि भंगारात आलेला प्रत्येक जुना रेडिओ उचलून पाहत. तिथले विक्रेते त्यांना "वजनवाले चाचा" म्हणत. त्यांना धास्ती होती ती आमच्यासारख्या हौशी लोकांची. "तो सेट बिघडलेला नव्हता, शैला," ते म्हणाले. "त्याच्यात काही खराबी नव्हतीच. आजबी कुणी पिन लावली तर चालेल तो. कुणाच्या तरी घरात पुन्हा पूजा होईल त्याची." मरायच्या आत त्या सेटला आपला हात लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही त्यांनी आयुष्याकडे मागितलेलं मला माहीत नाही.

मग अनेक वर्षं गेली. मेट्रो झाली, काकांची ये-जा सोपी झाली, अधूनमधून माझ्याकडे येत. आमच्या मजल्यावर एका घरात बोलणारा स्पीकर आहे. घरची मंडळी ऑफिसात आणि तो आत गाणी म्हणत असतो. काका एकदा लिफ्टमधून उतरले ते त्याच दारापाशी अडकले. पाऊण तास घंटा वाजवत होते. शेवटी मी शेजारणीला फोन लावून दिला, तिनं ऑफिसातून "मी ठीक आहे काका" म्हटलं, तेव्हा कुठे माझ्याकडे आले. ऐंशी ओलांडली होती, आणि गुरुवारी बाजारात जाणं गुडघ्यांनी बंद पाडलं होतं.

मागच्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कीर्ती नावाची एक मुलगी भेटली. पुण्याची, इथे आयटीत, शेजारच्याच सोसायटीत राहते. बोलता बोलता तक्रार करत होती की आजेसासरे नागपूरहून राहायला आलेत आणि त्यांनी आणलेला एक जुना रेडिओ ते कपाटावरून खाली काढू देत नाहीत. तिला तो शोकेसमध्ये मांडायचा होता. दिवाळीत एकदा पिन लावून बघणार होते दोघं नवरा-बायको, तर आजोबा केवढ्यांदा ओरडले म्हणे. तिची चार वर्षांची मुलगी घाबरून रडली. मी तिला आडनाव विचारलं. देगलूरकर.

काकांना लगेच फोन करून सांगितलं. "उद्या येतो," म्हणाले. आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत ट्रान्सफॉर्मर होता. तो कितीतरी वर्षं आधीच करून ठेवलेला होता.

मनोहरराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. कीर्तीनं चहा ठेवला आणि ती मुलीला घेऊन दाराशी उभी राहिली. मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की काका त्यांचे मित्र आहेत.

"इतकी वर्षं आला नाहीस, दिगू," मनोहरराव म्हणाले.

"कसा येऊ?"

"आमच्या घरात कुणी काही बोललं होतं का तुला?"

"नाही. तेच तर हाय. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, मन्या."

मनोहररावांनी कपाटाकडे बोट केलं. कीर्तीनं स्टुलावर चढून धोतराच्या पानात गुंडाळलेली पेटी एका हातानंच खाली काढली, आणि ते बघून काकांनी डोळे मिटून घेतले. प्लायवूडचे पापुद्रे सुटले होते. जाळीचं कापड फुलाफुलांचं, एखाद्या पोलक्याचं असावं तसं. बटणं जागेवर नव्हती. एका दांडीवर काहीतरी तपकिरी, वाळलेलं होतं. मी दुसरीकडे पाहिलं.

काकांनी पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढला आणि सेट उघडू दे म्हणून विनवलं. मनोहरराव नाही म्हणाले. त्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, तिनं शेवटचा हात लावला तसाच तो राहणार. काकांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. मग खिडकीबाहेर बघत ते जे बोलले ते आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पिन मी लावली होती त्या दिवशी. तिनंच सांगितलं म्हणून, भजनं लागायच्या वेळेला. पुढे ऑफिसातल्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं मला, उलटी बसली तरच असं होतं. मी उलटी लावली, दिगू."

काका खुर्चीवरून उठले आणि गुडघे दुखत असतानाही त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "तुला कसं म्हाईत असणार उलटी-सुलटी," ते म्हणाले. "मी सांगितलंच नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं." हेच त्यांनी तीन-चार वेळा सांगितलं. मनोहरराव ऐकत होते. पन्नासहून अधिक वर्षं ही दोन माणसं एकाच मरणाचा दोष आपापल्या गावी घेऊन बसली होती आणि एकमेकांना एक पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. मला दोघांचा रागही आला आणि रडूही आलं.

शेवटी काका म्हणाले, "तू आहेस तोवर ठीक हाय. तुझ्या माघारी ही पोरं लावून बघतील." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या त्या छोटीकडे पाहिलं. "आत हात नाही लावत. वायर तेवढी कापू दे."

मनोहररावांनीही मुलीकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी स्वतःच वायर हातात घेतली, ताणून धरली, आणि काकांनी पेटीच्या अगदी लगत पक्कड चालवली. एका दाबात तुटली नाही. तिसऱ्या दाबाला तुटली. पेटी पुन्हा धोतराच्या पानात गेली आणि मनोहररावांनी ती या वेळी कपाटावर न ठेवता आपल्या पलंगाशी ठेवायला सांगितली.

त्यानंतर महिन्याभरात काका गेले. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसले होते, तसेच. मी गौलीगुड्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे कुकटपल्ली मेट्रोची तपासणीची जागा. देगलूरकरांकडून निघाल्यावर मी त्यांना तिथवर सोडायला गेले होते. त्यांची पिशवी मशीनमधून गेली आणि अडली. तिथल्या पोरानं ट्रान्सफॉर्मर काढून पाहिला, परत ठेवला. मग ती कापलेली वायर बाहेर काढली. दोन हात लांब, सुती वेष्टणाची, टोकाला काळी पिन.

"इसमें करंट तो नहीं है ना, चाचा?" तो हसत म्हणाला.

काकांना ती थट्टा वाटलीच नाही. त्यांनी वायर त्याच्या हातातून घेतली, तुटलेलं टोक अंगठ्यानं चाचपून पाहिलं, पिनेच्या दोन्ही दांड्यांवरून बोट फिरवलं. मागे रांग खोळंबली होती.

"नहीं बेटा," ते म्हणाले. "अब नहीं है."

पोरानं त्यांना पुढे जाऊ दिलं. वायर पिशवीत न टाकता तशीच मुठीत धरून ते सरकत्या जिन्यावर चढले, आणि गर्दीत दिसेनासे होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.